ग्रेड तीन म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

निफाड तालुक्यातून एका २६ वर्षांच्या मुलाचं पत्र आलं आहे. ते थोडं कमी करून देते.

‘सिस्टर, आईच्या डाव्या स्तनात गाठ लागली. वय ५२. नाशिकला सुईने तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट आला. त्यात इन्व्हेझिव्ह कार्सिनोमा, ग्रेड थ्री असं लिहिलंय. म्हणजे तिसरी स्टेज ना? खाली ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह आणि हर-टू टू प्लस इक्विव्होकल. पॉझिटिव्ह वाचून काका ओसरीवर जाऊन बसले, जेवले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आधी केमो आणि मग ऑपरेशन. ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नाही म्हणून असं करतात का? मी रात्री मोबाईलवर बघत बसतो तर तिथे सारखं पाच वर्षं, पाच वर्षं येतं. आईला आम्ही सांगितलंय की साधी गाठ आहे, थोड्या सलाईन लागतील. गुरुवारी डॉक्टरांनी बोलावलंय. काय विचारायचं तेच कळत नाही, कारण शब्दच कळत नाहीत. रिपोर्टचे आणि फाईलचे फोटो पाठवतोय.’

बाळा, तू माझ्या धाकट्यापेक्षा लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करते. मी २७ वर्षं नाशकात सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी केमोच्या डे-केअरमध्ये. उपचार काय द्यायचे ते तुझे डॉक्टरच ठरवणार. पण शब्दांचं माझ्याकडे सोपव.

तुझ्या फोटोत रिपोर्टच्या कोपऱ्यावर तुझा अंगठा आलाय, आणि ‘ग्रेड ३’ च्या खाली निळ्या पेनाने दोनदा रेघ मारलेली दिसते. म्हणून तिथूनच सुरू करते. ग्रेड तीन म्हणजे तिसरी स्टेज नाही. ही गल्लत मी इतक्या घरांत पाहिली आहे की डॉक्टरांनी रिपोर्ट हातात देतानाच हे एक वाक्य सांगून टाकावं असं मला मनापासून वाटतं. त्याने कितीतरी रात्री वाचतील.

तुमची द्राक्षबाग आहे असं तू लिहिलंस, तर बागेतलंच बघ. डावणी, म्हणजे द्राक्षावरचा तो बुरशीचा रोग, आली की तुम्ही दोन गोष्टी बघता. एक, ती किती ओळींत गेली: एकाच कोपऱ्यात आहे, अर्ध्या बागेत आहे, की शेजारच्या प्लॉटमध्येही पोचली. ही झाली स्टेज. दुसरी, आलीय ती किती जोरात आहे, दोन दिवसांत घड काळे करणारी की रेंगाळणारी. ही झाली ग्रेड. एका कोपऱ्यातली डावणी जहाल असू शकते आणि अर्ध्या बागेतली मवाळ. दोन्ही माहिती फवारणी ठरवायला लागते, पण दोन्ही एक नव्हेत.

ग्रेड मायक्रोस्कोपखाली ठरते. तू रेघ मारलीस त्याच ओळीत पुढे ‘ट्यूब्यूल ३, न्यूक्लिअस ३, मायटोसिस २, एकूण ८/९’ असं बारीक अक्षरात आहे, ते वाच. पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टी बघतात. पेशी अजून नळ्यांसारखी रचना करतात का, त्यांची केंद्रकं किती बेढब झालीत, आणि किती पेशी दुभंगताना दिसतात. प्रत्येकाला एक ते तीन गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड एक, ६ किंवा ७ आली तर दोन, ८ किंवा ९ आली तर तीन. आईची बेरीज आठ. म्हणजे पेशी मूळ रूपापासून बऱ्याच बदलल्या आहेत आणि वेगाने वाढणाऱ्या आहेत. हे मी गोड करून सांगत नाही, ग्रेड तीन हा जोरकस प्रकार आहे. पण तो किती पसरलाय याबद्दल ही ओळ एक अक्षरही बोलत नाही. शिवाय वेगाने दुभंगणाऱ्या पेशींवरच केमो जास्त चालते. घरच्यांना हे कुणी सांगत नाही.

‘इन्व्हेझिव्ह’ या शब्दानेही असंच फसायला होतं. लोकांना वाटतं अंगभर पसरला. तसं नाही. स्तनात दूध वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि बहुतेक वेळा कॅन्सर त्यांच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. तो नळीच्या आतच असेल तर त्याला ‘इन सिटू’ म्हणतात. नळीची भिंत ओलांडून भोवतालच्या मांसात शिरला की इन्व्हेझिव्ह. बांध ओलांडला, एवढाच त्याचा अर्थ. दूरच्या अवयवात, म्हणजे हाडात, फुफ्फुसात, यकृतात जाऊन बसला तर त्याला वेगळा शब्द आहे, मेटास्टॅटिक. तो शब्द आईच्या कुठल्याच कागदावर नाही. मी दोनदा पाहिलं.

आता स्टेज. ती बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये नाहीच, ती डॉक्टरांनी फाईलच्या दुसऱ्या पानावर पेनाने लिहिली आहे: सी, मग टी-टू, एन-वन, एम. सी म्हणजे क्लिनिकल, हाताने तपासून आणि सोनोग्राफी-मॅमोग्राफीवरून काढलेला अंदाज. ऑपरेशननंतर काढलेला भाग तपासून जी ठरते तिच्या आधी पी लागतो, आणि केमो आधी झालेली असेल तर त्याच्याही आधी वाय. म्हणून पुढे कधी फाईलवर वाय-पी दिसलं तर घाबरू नकोस. टी म्हणजे मूळ गाठीचा आकार. दोन सेंटीमीटरपर्यंत टी-वन, दोनच्या वर पाचपर्यंत टी-टू, पाचच्या वर टी-थ्री, आणि कातडीत किंवा छातीच्या भिंतीत शिरली तर टी-फोर. आईची गाठ सोनोग्राफीत ३.४ सेंटीमीटर, म्हणून टी-टू. एन म्हणजे लसिकाग्रंथी, आपण काखेतल्या गाठी म्हणतो त्या. तिथे एक संशयास्पद दिसली म्हणून एन-वन. एम म्हणजे दूरवर गेला का, आणि त्यापुढची जागा डॉक्टरांनी मोकळी ठेवली आहे, कारण अंगभर शोध घेणारा पेट स्कॅन व्हायचाय. स्कॅन स्वच्छ आला तर तिथे झीरो पडेल, आणि टी-टू, एन-वन, एम-झीरो म्हणजे दुसरी स्टेज, टू-बी. तू ज्या तिसऱ्या स्टेजसाठी चार रात्री जागलास, ती आज तरी कागदावर नाही.

एक बारकावा सांगून ठेवते, नाहीतर उद्या दुसऱ्या कागदावर वेगळा आकडा दिसला की पुन्हा झोप उडेल. २०१८ पासून स्तनाच्या कॅन्सरची स्टेज मांडण्याची आणखी एक पद्धत वापरात आहे. तिच्यात आकार-ग्रंथींच्या जोडीला ग्रेड, ईआर, पीआर, हर-टू हेही धरतात. म्हणून एकाच बाईची एका कागदावर टू-बी आणि दुसऱ्यावर वेगळी स्टेज लिहिलेली असू शकते. त्याचा अर्थ आजार मधल्या आठवड्यात पुढे गेला असा नव्हे.

काकांचं काय झालं ते मला समजतं. कोरोनाने ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचं आपल्याकडे फार वाईट केलं. पण त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट सांगते. सिन्नरकडचे एक आजोबा बायकोला घेऊन येत. एके दिवशी डे-केअरमध्ये त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी विचारलं, काय झालं बाबा? म्हणाले, ‘हिचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह आहे म्हणाले.’ पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, असं त्यांना वाटलेलं. पेढा माझ्या हातात होता आणि समोर आजी लुगड्याचा पदर सावरत हसत बसल्या होत्या. मग त्यांना बाजूला घेऊन सांगायचं काम माझ्यावर आलं. तेव्हापासून मी तो शब्द कुणापुढे एकटा सोडला नाही. पॉझिटिव्ह म्हटलं की लगेच पुढे सांगायचं, कशासाठी पॉझिटिव्ह. शब्दात चांगलं-वाईट काही नाही. ‘शोधलं ते सापडलं’ एवढंच तो सांगतो.

तर आईच्या रिपोर्टमध्ये काय शोधलं? कॅन्सरच्या पेशींवर ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोन्सना पकडणारी जागा आहे का. ईआर म्हणजे पहिल्याची, पीआर म्हणजे दुसऱ्याची. आईचा ईआर आठपैकी सात, पीआर आठपैकी पाच. म्हणजे या पेशी हॉर्मोनच्या खाण्यावर वाढतात, आणि ते खाणं तोडणाऱ्या गोळ्या आपल्याकडे आहेत, टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल. त्या साध्या मेडिकलमध्ये मिळतात, रोज एक घ्यायची, निदान पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त. कुठली आणि किती ते पाळी गेली आहे की नाही वगैरे बघून डॉक्टर ठरवतील. इथे पॉझिटिव्ह असणं आईच्या बाजूचं आहे, कारण उपचाराचं एक दार जास्तीचं उघडं आहे. काकांना हे आजच सांग. जेवतील.

हर-टूचं मात्र अजून ठरायचंय. हे पेशीवरचं एक प्रथिन. ते जास्त असलं की पेशी जोमाने वाढते. रंग देऊन तपासतात तेव्हा झीरो किंवा वन प्लस आलं तर निगेटिव्ह धरतात, थ्री प्लस आलं तर पॉझिटिव्ह. टू प्लस म्हणजे इक्विव्होकल. आपल्या भाषेत, कौल लागला नाही. मग त्याच तुकड्यावर ‘फिश’ नावाची पुढची तपासणी करतात आणि पेशीच्या आत त्या जनुकाच्या किती प्रती आहेत ते मोजतात. तिचा निकाल स्पष्ट येतो आणि त्यावरून औषधं बदलतात, म्हणून फिश येईपर्यंत डॉक्टर केमोची तारीख थोडी पुढे ठेवतील. तो वाया गेलेला वेळ समजू नकोस. हर-टू पॉझिटिव्ह हा एके काळी सगळ्यांत धास्तीचा प्रकार होता. १९९८ साली ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. मी नोकरीला लागले तेव्हा असं काही नव्हतंच. त्या वेळच्या बायकांचे चेहरे आठवले की वाटतं, थोडं उशिरा व्हायला हवं होतं त्यांचं दुखणं.

आणि के-आय ६७ समोर ३५ टक्के लिहिलंय ते ‘३५ टक्के कॅन्सर’ नव्हे. कॅन्सरच्या शंभर पेशींतल्या ३५ पेशी दुभंगण्याच्या चक्रात सापडल्या, एवढंच. ग्रेड जे म्हणते तेच हे आकड्यात म्हणतं.

सुई लावल्याने पसरला, असं आत्याबाई म्हणतात ना? म्हणू देत. सुईच्या तुकड्याशिवाय वरचं काहीच कळलं नसतं.

आता तुझा मोठा प्रश्न, केमो आधी का. फाईलमध्ये ‘निओअ‍ॅडज्युव्हंट’ लिहिलंय. ऑपरेशनच्या आधी दिली तर निओअ‍ॅडज्युव्हंट, नंतर दिली तर अ‍ॅडज्युव्हंट. अ‍ॅडज्युव्हंट तर तुला लगेच कळेल: छाटणी झाली, बाग स्वच्छ दिसते, तरी तुम्ही बोर्डो हे बुरशीचं औषध मारता. कारण डोळ्यांना दिसत नाही असं काही खोडाच्या सालीत राहिलेलं असू शकतं. आधीच्या केमोचं कारण मात्र वेगळं. गाठ अंगात असतानाच औषध दिलं की ती लहान होतेय का हे दर भेटीला हाताला लागतं. म्हणजे औषध लागू पडतंय की नाही हे कळतं, नाही तर बदलता येतं. गाठ आक्रसली तर पूर्ण स्तन न काढता तेवढा भागच काढण्याची शक्यता वाढते. काखेतलं ऑपरेशनही काही वेळा लहान होतं. आणि ऑपरेशननंतर काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर कितपत उरला होता, यावरून पुढची औषधं ठरवता येतात. ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नाही म्हणून आधी केमो, असंही काही जणींच्या बाबतीत असतं, ते मी नाकारत नाही. पण आईच्या कागदावर डॉक्टरांनी खाली ‘क्युरेटिव्ह इंटेंट’ लिहिलंय. बरं करण्याच्या उद्देशाने. फाईलमधले सगळ्यांत मोलाचे दोन शब्द ते आहेत आणि त्यांच्याखाली तू रेघ मारलेली नाहीस.

याच्या समोरचा शब्द ‘पॅलिएटिव्ह’. तो तुमच्या फाईलमध्ये नाही, पण वॉर्डात कानावर पडेल. त्याचा अर्थ लोक ‘आता काही उरलं नाही’ असा लावतात आणि पेशंटला घरी नेतात. पॅलिएटिव्ह म्हणजे त्रास कमी करणं. वेदना, धाप, उलटी, झोप, मनाची घालमेल, सगळं त्यात आलं. बरं होण्याच्या वाटेवर असलेल्या पेशंटलाही पहिल्या दिवसापासून ते मिळू शकतं आणि मिळायला हवं. आईला केमोत तोंड आलं, हाडं ठणकली तर ‘सहन कर’ म्हणू नका, सांगा.

केमो सुरू झाल्यावर आणखी काही शब्द येतील. ‘सायकल’ म्हणजे एक डोस आणि त्यानंतरची विश्रांती मिळून एक फेरा, बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांचा. ‘पार्शल रिस्पॉन्स’ म्हणजे गाठ बरीच कमी झाली, ‘कम्प्लीट’ म्हणजे दिसेनाशी झाली. गाठ दिसेनाशी झाली तरी ऑपरेशन टळत नाही. म्हणून गुरुवारी एक नक्की विचार: गाठीच्या जागी खुणेची क्लिप बसवणार आहात का? तांदळाच्या दाण्याहून लहान धातूची खूण असते. गाठ विरघळली तर सर्जनना नेमकी जागा त्यावरून सापडते. आणि उपचार संपल्यावर डॉक्टर ‘बरा झाला’ न म्हणता ‘रिमिशन’ म्हणतील, किंवा ‘आजाराचा पुरावा दिसत नाही’ असं काही. त्यात लपवाछपवी काही नाही. तपासणीला जे दिसतं तेवढंच बोलायची त्यांची शिस्त आहे ती.

मोबाईलवरचं ‘पाच वर्षं’. माझ्याकडे एक जावईबापू आले होते, सासूबाईंच्या नावाची जमीन घाईघाईने वाटून घ्यायला निघालेले, कारण त्यांनी वाचलं होतं की पाच वर्षांचं आयुष्य आहे. फाईव्ह-इयर सर्व्हायव्हल म्हणजे पाच वर्षांचं आयुष्य नव्हे. एखाद्या आजाराच्या खूप पेशंटना निदानाच्या दिवसापासून मोजत गेलं, तर पाच वर्षांनी शंभरातले किती हयात आहेत, तो आकडा. पाच ही मोजणीची खूण आहे, शेवटची तारीख नव्हे. त्यातले कितीतरी दहा, वीस वर्षंही जगतात. शिवाय आज पाच वर्षांचा आकडा वाचतोस तो निदान पाच वर्षांपूर्वीच्या, त्या वेळच्या औषधांवरच्या माणसांचा असतो, आणि त्यात तुझ्या आईचा ईआर, तिचं वय, तिची तब्येत काही नसतं. मोबाईल रात्री दहाला बंद कर. शब्दाचा अर्थ बघ, आकडा बघू नकोस. आकडा डॉक्टरांना विचार, आईचे कागद समोर ठेवून.

आता ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस ते. आईला साधी गाठ सांगितलीय.

माझी थोरली बहीण येवल्याला दिली होती. घरी माग, सगळं घर पैठणीवर. २००६ साली तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला आणि तिला ‘पोटात पाणी झालंय’ असं सांगायचं ठरलं. ठरवणारी मीच, घरातली सिस्टर. फाईल मी माझ्या पिशवीत ठेवायचे. तिसऱ्या सायकलनंतर मी तिचे केस विंचरत होते. फणीत पुंजकेच्या पुंजके येत होते आणि मी ते तिच्या मागे लपवत होते. ती म्हणाली, ‘दे इकडे, किती गेले ते बघू दे. बाहेरची पाटी मी पहिल्याच दिवशी वाचली. सातवी झालीय माझी.’ तीन महिने ती एकटीच जाणत होती आणि आमच्यासाठी न जाणल्याचं सोंग करत होती. मागावर तिने मुलीच्या लग्नाची पैठणी लावली होती. ‘बरं वाटलं की कर’ म्हणून आम्हीच तिला मागावर बसू दिलं नाही. ती पैठणी दुसऱ्या कारागिराने पुरी केली. ही माझी चूक. ती मी अजून विसरलेले नाही.

तुझ्या आईचं तर लपणारही नाही. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो मोठ्याने विचारेल, ‘कॅन्सर हॉस्पिटल ना?’ संमतीपत्रावर सही तिचीच लागेल आणि त्यावर तो शब्द छापलेला असेल. केमोच्या आधी हृदयाची टू-डी इको करायला पाठवतील, कारण काही औषधांचा भार हृदयावर येतो. साध्या गाठीला हृदय का तपासतात, असं ती विचारेल तेव्हा काय सांगशील? पुष्कळ जणींना जे औषध देतात ते लाल रंगाचं असतं, बायका त्याला लाल सलाईन म्हणतात. ते घेतलं की एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ज्या बाईला माहीत आहे ती पाणी पिते आणि झोपते. जिला माहीत नाही ती रक्त जातंय समजून रात्रभर न्हाणीघरात उभी राहते. मी अशा बायका पाहिल्या आहेत.

तेव्हा गुरुवारच्या आधी तिला सांग. सगळं एकदम नको. आधी तिलाच विचार, ‘आई, डॉक्टर काय म्हणाले ते तुला किती सांगू?’ काही जणी म्हणतात, सगळं सांग. काही म्हणतात, काय करायचं तेवढं सांग, बाकी तू बघ. ती म्हणेल तेवढं. पण जे सांगशील ते खरं सांग, आणि कॅन्सर हा शब्द एकदा तरी तुझ्या तोंडून निघू दे, परक्याच्या नको. डावणीचा दाखला तिला मोबाईलवरल्या कुठल्याही चित्रापेक्षा लवकर कळेल, इतकी वर्षं बाग तिनेच तर केलीय. ती रडेल. रडू दे, शेजारी बस, लगेच समजावू नकोस.

कामाच्या थोड्या गोष्टी. पेट स्कॅनला जाताना किती तास उपाशी राहायचं ते केंद्र सांगेल, बहुधा सहा. मधुमेह असेल तर आधीच फोन करा, रक्तातली साखर फार वाढलेली असेल तर स्कॅन पुढे ढकलतात. कारण या तपासणीत किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती कुठे जास्त ओढली जाते ते पाहतात. रिपोर्टमध्ये ‘अपटेक’ किंवा ‘अ‍ॅव्हिड’ दिसेल, म्हणजे तिथे साखर ओढली गेली. प्रत्येक अपटेक कॅन्सर नसतो. जुना टीबी, जंतुसंसर्ग, अगदी ताजी सुईची जागाही ओढते. म्हणून तो रिपोर्ट घरी उघडून वाचू नका, डॉक्टरांसमोर उघडा.

बहीण टाटाला चला म्हणतेय, त्यात गैर काही नाही आणि डॉक्टरांना रागही यायला नको. परळचं टाटा १९४१ पासून हेच काम करतंय. दुसरं मत घ्यायचंच तर नुसते रिपोर्टचे झेरॉक्स घेऊन मुंबईच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसू नका. लॅबकडून ‘ब्लॉक’ आणि ‘स्लाइड्स’ मागून घ्या. ब्लॉक म्हणजे आईचा तो तुकडा मेणात बसवलेला, काडेपेटीपेक्षा लहान. तिथले पॅथॉलॉजिस्ट तोच पुन्हा तपासतात. ब्लॉक हरवला तर पुन्हा सुई, म्हणून तो ज्याच्या खिशात असेल त्याने दादरला उतरताना खिसा चाचपावा. पण फिश चालू असेल तर ब्लॉक लॅबलाच लागतो, आधी विचारा. आणि दुसऱ्या मतासाठी केमो महिनाभर लांबवू नका.

पैशांसाठी सावकाराकडे जायच्या आधी हॉस्पिटलातल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलवर जा. तिथे बसतात त्यांना आरोग्यमित्र म्हणतात. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा मूळ रिपोर्ट न्या. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि आईचे उपचार त्यात बसतात का ते विचारा. मंजुरी उपचाराच्या आधी घ्यायची असते, भरलेलं बिल नंतर घेऊन गेलात तर हाती काही लागत नाही.

एका वहीत प्रश्न लिहून न्या. पहिलं पान आईला द्या, तिचे प्रश्न तिने विचारावेत. डॉक्टर घाईत बोलले तर ‘सर, हे मराठीत एकदा सांगा’ म्हणायला लाजू नका. मी डॉक्टरांच्या शेजारी उभी असायचे. असं म्हटलं की बहुतेक जण खुर्ची पुढे ओढून सांगतात.

शेवटचं, आणि हे भिंतीवर लिहून ठेवा. ‘न्यूट्रोपेनिया’ म्हणजे केमोने पांढऱ्या पेशी कमी होणं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास त्या तळाला जातात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर ती रात्र घरी काढायची नाही. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, गोळीने ताप उतरतो आणि आतला संसर्ग तसाच राहतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा, केमो चालू आहे आणि ताप आलाय हे पहिल्या वाक्यात सांगायचं आणि निघायचं. पिंपळगाव किंवा निफाडच्या बाजारातून गुरुवारच्या आधीच एक डिजिटल थर्मामीटर आण, आणि तो कसा लावायचा, कसा वाचायचा ते आईला शिकव. तू बागेत असशील तेव्हा घरी तीच असणार आहे.